नील बेट: आईला बोट लागते, मुक्काम करावा की सकाळी जाऊन दुपारी निघावं?

सुट्टीची_वाट

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला चाललोय, मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. आई ६६, बाबा ७१. बाबांना सेल्युलर जेल बघायचंय, सावरकरांची कोठडी बघायची ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा आहे, तेव्हा पोर्ट ब्लेअर पक्कंच आहे. पुढे हॅवलॉक बेटावर दोन रात्री. प्रश्न नीलचा आहे. टूरवाला म्हणतोय की नीलला मुक्काम करायची काही गरज नाही, हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने नील, तीन बीच बघायचे, जेवायचं आणि दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. पण मी जे काही वाचलंय त्यावरून ते बेट खूप शांत आहे म्हणे आणि मला तर खरं तेच हवंय, गेलं वर्षभर बाबांच्या आजारपणात सगळ्यांचीच खूप ओढाताण झालीय आणि कुठेतरी नुसतं बसायचंय.

अडचण अशी की आईला बोट लागते. गाडी लागते, घाट लागतो आणि बोट तर लागतेच लागते, लहानपणी एकदा लाँचमध्ये बसली होती ते अजून सांगते. तिने आत्तापासूनच धसका घेतलाय. मुक्काम केला काय किंवा नाही केला काय, बोटी तेवढ्याच होणार हे मला कळतंय, पण एका दिवसात दोन बोटी तिला झेपतील का? आणि दोन रात्री राहिलो तर म्हातारी माणसं कंटाळतील का? कोणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

केवड्याचं_बन

ताई, राहा. दोन रात्री राहा, आणि अगदीच जमत नसेल तर हॅवलॉकची एक रात्र कमी करा पण नीलला राहा.

मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगतेय. पहिल्यांदा आम्ही तुमच्या टूरवाल्याने सांगितलं तसंच गेलो होतो. सकाळी बोटीतून उतरलो, धक्क्यावर गाडी उभी, भरतपूर बीच, मग नॅचरल ब्रिज, मग लक्ष्मणपूर, मग घाईघाईत जेवण, परत धक्का. नॅचरल ब्रिजला पोचलो तेव्हा भरती होती. दगडाची कमान पाण्यात, तिच्याजवळ जाताच येईना, लांबून फोटो काढले आणि परत फिरलो. ड्रायव्हर म्हणाला ओहोटीला यायला पाहिजे होतं. अहो पण बोटीचं टाइमटेबल आणि ओहोटीचं टाइमटेबल एक थोडंच असतं! ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आज जी दुपारी मिळाली ती चार दिवसांनी संध्याकाळी अंधारात मिळेल. एका दिवसात जाणाऱ्याला ती सापडली तर नशीब. मुक्काम असला की तुम्ही तिच्या वेळेने जाता.

दुसऱ्यांदा मी आणि नवरा तीन रात्री राहिलो. तेव्हा कळलं की दुपारची बोट गेली ना की ते बेट वेगळंच होतं. सकाळी भरतपूरला जेट स्की, काचेच्या तळाच्या होड्या, सगळं चालू असतं, मग चारच्या सुमाराला एकदम सामसूम. लक्ष्मणपूरला सूर्यास्ताला थोडी माणसं असतात, पण किनारा इतका लांबलचक आहे की शंभर पावलं चालून गेलात की तुम्ही एकटेच. आम्ही केवड्याच्या झाडाखाली बसलो होतो आणि बारीक खर्र खर्र असा आवाज येत होता, मला वाटलं वाऱ्याने पानं घासतायत. खाली बघितलं तर शंख चालत होते. शंखवाले खेकडे, छोटे छोटे, नखाएवढे पण, वाळलेल्या पानांवरून आपापलं शंखाचं घर ओढत चालले होते. एक तर दुसऱ्या रिकाम्या शंखाशी थांबला, आत पाय घालून घालून चाचपलं आणि पुढे गेला, त्याला पसंत पडला नसावा. आम्ही अर्धा तास तेवढंच बघत बसलो. तुमच्या लेकीला हे प्रचंड आवडेल.

आणि म्हणूनच एक सांगते, तिला आधीच समजावून ठेवा की शंख शिंपले पोवळी काही खिशात टाकायचं नाही. मेलेलं पांढरं पोवळं वाळूत सगळीकडे पडलेलं असतं, तरीही नाही. पोवळी आणि कितीतरी जातीचे शंख १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, एअरपोर्टवर बॅग स्कॅन होते आणि काढून घेतात, मुलं तिथे रडतात. आणि तो रिकामा शंख त्या खेकड्याला लागतो हो, त्याचं अंग वाढतं तसं त्याला नवीन घर शोधावं लागतं.

डॉक्टर_नाही_पण

मी फक्त बोट लागण्याबद्दल लिहितो कारण माझी बायको ह्या बाबतीत तुमच्या आईसारखीच आहे.

गोळी आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. अ‍ॅव्होमिन बऱ्याच जणांना चालते पण झोप येते, आणि आईंना बीपी, काचबिंदू, इतर औषधं काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून कुठली गोळी, किती वेळ आधी, हे कागदावर लिहून घ्या. उपाशीपोटी बोटीत बसवू नका, हे सगळे चुकून करतात, काही खाल्लं नाही तर उलटी होणार नाही असं वाटतं पण उलट जास्त त्रास होतो. हलकं, कोरडं काहीतरी खायचं, तळकट नको, चहा नको. आल्याच्या वड्या जवळ ठेवा.

जागा महत्त्वाची. बोट पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटते. मधोमध किंवा थोडं मागे आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी हलतं. वरच्या मजल्याचं महाग तिकीट घेतलं की आराम मिळेल असं वाटून आम्ही घेतलं आणि तिथेच जास्त हलत होतं, उंच गेलं की झोका मोठा होतो. तिकीट काढताना सीट निवडता येत असेल तर मधली खिडकी घ्या, तोंड बोट जाते त्या दिशेला. आणि बघायचं लांब, जिथे समुद्र आणि आकाश मिळतं त्या रेषेकडे. मोबाइल नाही, पुस्तक नाही, टीव्हीकडे तर नाहीच. कानातला तोल सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की समोरची खुर्ची स्थिर आहे, ह्या भांडणातूनच मळमळ होते. क्षितिजाकडे बघितलं की डोळ्यांना पण हलणं दिसतं आणि भांडण मिटतं.

अजून एक, सकाळची बोट घ्या. दुपारपर्यंत वारा वाढतो आणि लाटा पण. फेब्रुवारी मार्चला तिथला समुद्र एरवी बराच शांत असतो, तेव्हा महिना तुम्ही चांगला निवडलाय.

तळ्यात_मळ्यात

मी थोडं वेगळं सांगणार आहे, रागावू नका. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन नीलला दोन रात्री राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सासरे अस्वस्थ झाले. पेपर नाही, टीव्हीचा सिग्नल अधूनमधून जायचा, मोबाइलला रेंज धड नाही, बाजार म्हणजे चार दुकानं. आणि संध्याकाळी लवकर अंधार होतो हे लोक सांगतच नाहीत. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचला सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख. मग जेवायच्या वेळेपर्यंत करायचं काय? ज्यांना रोज संध्याकाळी चार माणसांत बसायची सवय आहे त्यांना हे जड जातं. सासूबाई मात्र खूश होत्या, त्या पहाटे साडेपाचला सीतापूरला जाऊन सूर्योदय बघून आल्या आणि अजून त्याबद्दल बोलतात.

म्हणून म्हणते, आईबाबांचा स्वभाव बघून ठरवा. एक रात्र पुरते असं माझं मत. आणि बाबा आजारातून उठलेत म्हणताय तर हेही लक्षात घ्या की बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं.

केवड्याचं_बन

@तळ्यात_मळ्यात, अंधाराचं अगदी बरोबर, ते लिहायचं राहिलंच. पण एका रात्रीत परत तोच प्रश्न येतो, दुपारी पोचणार, दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरणार. मग राहिलं काय? पत्ते न्या, बाबांच्या आवडीची दोन पुस्तकं न्या. आणि दिवस तिथल्या घड्याळाने लावा, पाचला उठा, नऊला झोपा, दोन दिवसांत सवय होते.

धक्क्यावरचा

मी नोकरीनिमित्त साडेतीन वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो, नीलला बोटीने किती वेळा गेलो मोजलेलं नाही. काही गोष्टी सांगतो, थोड्या विस्कळीत आहेत.

आधी नावांचा घोळ. ३० डिसेंबर २०१८ला नीलचं नाव शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा ही नावं दिली, शहीद आणि स्वराज ही नावं मुळात नेताजींनीच अंदमान आणि निकोबारसाठी सुचवलेली. आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोलताना लोक अजून नील, हॅवलॉकच म्हणतात, पण तिकिटावर नवीन नावं असू शकतात, आणि माझ्यासमोर एका कुटुंबाने शहीदच्या ऐवजी स्वराजची तिकिटं काढलेली मी बघितलीत. तेव्हा तिकीट काढताना दोनदा वाचा. तुमच्या बाबांना हेही सांगा की नील म्हणजे ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो ब्रिटिश सेनाधिकारी जेम्स नील, १८५७ला अलाहाबादेत गावंच्या गावं फासावर चढवणारा. ज्या माणसाला सावरकरांची कोठडी बघायची ओढ आहे त्याला शहीद द्वीप हे नाव उच्चारताना बरं वाटेल, मला वाटायचं.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटी (मॅक्रुझ, नॉटिका वगैरे), हॅडोच्या धक्क्यावरून. दोन्ही धक्के वेगळे आहेत, रिक्षावाल्याला नुसतं जेट्टी म्हणू नका. खासगी बोट नीलला एक सव्वा तासात नेते, बंद, एसी, खुर्च्या विमानासारख्या. सरकारी बोटीला दोन तास किंवा थोडे जास्त लागतात पण हळू जाते, आपटत नाही, आणि डेकवर उभं राहता येतं. बोट लागणाऱ्या माणसाला मोकळी हवा आणि समोर क्षितिज मिळालं की अर्धा त्रास जातो असा माझा अनुभव आहे. पण सरकारी तिकीट पर्यटकाला मिळेलच असं नाही आणि ते बरोबरही आहे, कारण ती बोट तिथल्या माणसांची एसटी आहे. दवाखाना, कॉलेज, कोर्टकचेरी, सगळं तिच्यावर. नीलची भाजी अख्ख्या पोर्ट ब्लेअरला जाते, ते तिथलं भाजीचं कोठारच आहे. सकाळी परतीच्या बोटीत वांगी, दुधी, कारली, पानाच्या टोपल्या चढताना बघा, डेकवर पाय ठेवायला जागा नसते आणि कोणीही कुरकुर करत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकात सरकारने तिथे वसवलं, जंगल तोडून शेती त्यांनी उभी केली. गावांची नावं बघा, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. म्हणून सांगतो, नुसते बीच बघू नका, एका संध्याकाळी गावातल्या रस्त्याने पायी चाला, दोन्ही बाजूला सुपारी, केळी, भाताची खाचरं. बेट एवढंसं आहे, एका टोकाकडून दुसरीकडे रिक्षाने पंधरा मिनिटांत पोचता. तुमचे बाबा चालत असतील तर त्यांना चार माणसं बोलायला तिथेच भेटतील, हिंदी सगळ्यांना येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमानाच्या दिवशी बोट पकडायची नाही. कधीच नाही. आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम पाहिजे. वारा सुटला, इंजिन बिघडलं, बोट रद्द. माझी स्वतःची एकदा सकाळी धक्क्यावर गेल्यावर रद्द झाली, कंपनीचं नाव लिहीत नाही, मेसेज आला तो मी रांगेत उभा असताना. पैसे परत मिळाले पण दिवस गेला. डिसेंबर २०१६ला वादळात हॅवलॉक आणि नीलवर पर्यटक काही दिवस अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं आली. फेब्रुवारीत असं व्हायची शक्यता कमी, तरी एक दिवस हातात ठेवाच.

ओरिजिनल ओळखपत्र प्रत्येकाचं बरोबर, लेकीचं पण. बोट सुटायच्या तासभर आधी पोचा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, नीलला एटीएमवर भिस्त ठेवू नका, रेंज गेली की फोनवरून पैसे देणंही बंद.

सुट्टीची_वाट

बापरे किती छान आणि सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. धक्क्यावरचा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, ते नीलचं नाव ऐकून गप्प झाले आणि मग म्हणाले दोन रात्री राहू. तेव्हा ठरलं. टूरवाल्याला फोन करून बदल केलाय, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर.

एकच विचारते, नॅचरल ब्रिजपर्यंत आई चालू शकेल का? गुडघे दुखतात तिचे. आणि आमच्या तारखांत पौर्णिमा येतेय, त्याने काही फरक पडतो का?

केवड्याचं_बन

पौर्णिमा म्हणजे उत्तमच! पौर्णिमा अमावास्येला उधाणाची भरती आणि ओहोटी पण तेवढीच खोल, पाणी खूप आत जातं. कमानीपर्यंतचे खडक उघडे पडतात आणि खड्ड्यांमध्ये पाणी साठून त्यात मासे, समुद्रकाकड्या, तारामासे अडकलेले असतात. पण रस्ता अवघड आहे, आधी पायऱ्या, मग मेलेल्या पोवळ्याचे टोकदार निसरडे खडक. गुडघे दुखत असतील तर आईंना पायऱ्या उतरून सावलीत बसवा, पुढे नेऊ नका. चपला नकोत, मागे पट्टा असलेले, पकड चांगली असलेले सँडल. आणि ज्या खड्ड्यात पाणी आहे त्यात पाय टाकायचा नाही, तिथे जिवंत पोवळी असतात.

डॉक्टर_नाही_पण

उधाणाच्या दिवसांत भरतपूरला पोहताना मात्र जपून, पाणी उतरताना ओढ असते. लेकीला हात धरूनच.

सुट्टीची_वाट

परत आलो मंडळी! मार्च उजाडला, कपडे धुऊन झाले आणि पहिल्यांदा इथे लिहायला बसले.

आईचं आधी सांगते. जाताना खासगी बोटीत मधली खिडकी मिळाली, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर दिली, पोळीचा रोल खायला घातला आणि तिला सांगितलं की आई तू फक्त ती रेषा बघ. पहिली वीस मिनिटं तिने माझा हात असा घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले. मग लेक ओरडली, आजी बघ पक्षी. पक्षी नव्हते, उडणारे मासे होते, बोटीच्या बाजूने पाण्यातून सुळकन निघायचे आणि बरंच अंतर पाण्यावरून सरळ तरंगत जायचे, चकचकीत, आणि परत टुपकन आत. आईने माझा हात सोडला आणि खिडकीला नाक लावलं. एकोणीस मोजले दोघींनी. उलटी नाही झाली. उतरल्यावर पाय थरथरत होते, नारळपाणी दिलं, बसवलं, बरं वाटलं.

दोन रात्री राहिलो ते फार बरं झालं. पहिल्या संध्याकाळी बाबा सहा वाजताच म्हणाले आता काय, आणि मला तळ्यात_मळ्यात यांचं आठवलं, पोटात गोळाच आला. पण दुसऱ्या दिवशी ते पहाटे एकटेच गावात चालायला गेले आणि नऊ वाजता आले ते हातात दोन काकड्या घेऊन. एका शेतकरी आजोबांशी गप्पा मारत बसले होते, ते आजोबा दहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर जहाजातून तिथे आलेले. संध्याकाळी बाबा परत त्यांच्याकडेच गेले. आजारपणानंतर इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

लक्ष्मणपूरला सूर्य बुडाला साडेपाचच्या सुमाराला, आणि मागे वळलो तर थोड्या वेळाने झाडीवरून चंद्र येत होता. शंखवाले खेकडे दिसले, केवड्याचं_बन, अगदी तुम्ही लिहिलंय तसे! लेकीने त्यांच्या वाटेत काय काय येतं ते बघत सगळी संध्याकाळ काढली आणि एकही शंख उचलला नाही.

केवड्याचं_बन

वाचताना डोळे भरून आले हो. आणि ब्रिज? आई गेल्या का?

सुट्टीची_वाट

ओहोटीची वेळ राहत होतो तिथल्या दादांनी आदल्या दिवशीच सांगितली होती, त्याच्या तासभर आधी गेलो. आई पायऱ्या उतरली आणि खाली एका खडकावर बसली, पुढे नको म्हणाली. आम्ही कमानीखाली जाऊन आलो तासाभराने, तर ती तिथेच, साडी पोटऱ्यांपर्यंत घेऊन, समोरच्या हातभर खड्ड्यात वाकून बघत होती. म्हणाली यात एक निळा मासा आहे, मघापासून एकाच दगडाभोवती फिरतोय, पाणी कधी येईल रे याला न्यायला. आम्ही पाणी येईपर्यंत थांबलो मग. लाट आत आली, दुसरी आली, तिसरीला तो गेला.